गाळलेला शब्द

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी कतारच्या परराष्ट्र खात्याने एक छोटंसं निवेदन काढलं. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांनी तातडीने शस्त्रसंधी करायचं मान्य केलं आहे, कतार आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने दोहा इथे बोलणी झाली, पुढच्या काही दिवसांत आणखी बैठका होतील आणि या दोन बंधुदेशांच्या सीमेवरचा तणाव त्यामुळे संपेल अशी आशा आहे. अशा प्रसंगी जे लिहितात तेच त्यात होतं. तरीही ते निवेदन बदलावं लागलं. काबूलची हरकत आली आणि सुधारित मजकुरातून एक शब्द गाळला गेला. तो शब्द होता ‘सीमा’.

म्हणजे लढाई थांबवायला बसलेल्या दोघांपैकी एकाला, ती लढाई जिथे चालली होती त्या जागेचं नावच मान्य नव्हतं. पाकिस्तानच्या नकाशावर ती सुमारे २,६०० किलोमीटर लांबीची आंतरराष्ट्रीय सीमा आहे. काबूलच्या लेखी ती ‘ड्युरंड रेषा’ आहे, कुणा परक्या साहेबाने ओढलेली रेघ. हा निव्वळ तालिबानचा हेका आहे असं समजू नका. राजा, प्रजासत्ताक, कम्युनिस्ट, मुजाहिदीन, अमेरिकेच्या पाठिंब्यावरचं निवडून आलेलं सरकार, तालिबान. १९४७ पासून काबूलच्या गादीवर कोणीही बसलेलं असो, या रेषेला सीमा म्हणून कोणीही मान्यता दिलेली नाही.

आता पाकिस्तानची तक्रार काय आहे? ‘सीमापार दहशतवाद’. तिकडून माणसं येतात, आमचे सैनिक मारतात आणि परत जातात. मग प्रश्न असा, की ज्याला सीमाच मान्य नाही त्याने ‘सीमापार’ काय थांबवायचं? दोहाची शस्त्रसंधी इतकी तकलादू का होती, हे समजून घ्यायचं तर या गाळलेल्या शब्दाच्या मागे मागे जावं लागतं.

ऑक्टोबरातले दहा दिवस

आधी त्या महिन्यात काय घडलं ते थोडक्यात पाहू. ९ ऑक्टोबरच्या रात्री काबूलमध्ये स्फोट झाले. तालिबानने पाकिस्तानवर आरोप केला. पाकिस्तानने ना कबुली दिली, ना इन्कार केला. त्याच दिवशी तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत उतरले होते, त्यामुळे इस्लामाबादच्या संशयाला आणखी फोडणी मिळाली. ११ ऑक्टोबरच्या रात्री तालिबानी फौजांनी रेषेवरच्या पाकिस्तानी चौक्यांवर हल्ले चढवले. पाकिस्तानने आपले २३ सैनिक गेल्याचं सांगितलं आणि दोनशेहून जास्त शत्रू मारल्याचा दावा केला. तालिबानचा दावा होता की त्यांनी ५८ पाकिस्तानी सैनिक मारले.

१५ तारखेला ४८ तासांची शस्त्रसंधी झाली. १७ तारखेला पक्तिका प्रांतात हवाई हल्ले झाले. मेलेल्यांत उर्गुन जिल्ह्यातले तीन स्थानिक क्रिकेटपटू आहेत, असं अफगाण क्रिकेट मंडळाने जाहीर केलं आणि नोव्हेंबरात पाकिस्तानात होणाऱ्या तिरंगी मालिकेतून संघ काढून घेतला. दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांचे संरक्षणमंत्री दोहात समोरासमोर बसले. पाकिस्तानकडून ख्वाजा आसिफ, तालिबानकडून मुल्ला मोहम्मद याकूब. हे याकूब म्हणजे तालिबानचा संस्थापक मुल्ला उमर याचे चिरंजीव. बापाच्या राजवटीला जगात फक्त तीन देशांनी मान्यता दिली होती आणि त्यातला एक होता पाकिस्तान.

त्या आठवड्यात आपल्याकडच्या मोबाइलांवर मीम्सचा पाऊस पडला. ‘पेरलं तेच उगवलं’ हा त्यांचा सूर. त्यात तथ्य नाही असं नाही. पण पेरणी कोणी, कधी आणि कुठल्या मातीत केली हे पाहिलं, तर गोष्ट मीममध्ये मावत नाही.

अटकेच्या पलीकडे

‘अटकेपार झेंडे लावले’ हे आपण परीक्षेत पहिला आलेल्या भाच्यालाही म्हणतो. ही अटक म्हणजे सिंधूकाठचा किल्ला. १७५८ मध्ये मराठी फौजा तिथवर पोचल्या होत्या. त्या कोणाला हटवत गेल्या होत्या? अहमदशहा अब्दालीच्या माणसांना. आपण अब्दालीला पानिपतावरून ओळखतो. अफगाण लोक त्याला ‘अहमदशहा बाबा’ म्हणतात, राष्ट्राचा जनक मानतात. १७४७ मध्ये कंदाहारात त्याने जे राज्य उभं केलं, त्यात पेशावर होतं, काही काळ पंजाब आणि काश्मीरही होतं. अटकेपासून पश्चिमेला साधारण ऐंशी किलोमीटरवर पेशावर आणि त्यापुढे खैबर खिंड. या पट्ट्यात पश्तून राहतात, आपण ज्यांना पठाण म्हणतो ते.

पुढे पेशावर रणजितसिंहाच्या शिखांनी जिंकून घेतलं. १८४९ मध्ये इंग्रजांनी शिखांचं राज्य खालसा केलं आणि पेशावर आपोआप त्यांच्याकडे आलं. काबूलला मात्र ते आपलंच वाटत राहिलं. गमावलेल्या घराच्या खिडक्या लांबून दिसत राहाव्यात, तसं.

इंग्रजांना खरी धास्ती होती रशियाची. मध्य आशिया गिळत रशिया दक्षिणेकडे सरकत होता. अफगाणिस्तान ताब्यात ठेवण्याचे दोन प्रयत्न इंग्रजांनी करून पाहिले, १८३९ मध्ये आणि १८७८ मध्ये, आणि दोन्ही वेळा हात पोळून घेतले. मग त्यांनी ठरवलं, की अफगाणिस्तान मध्ये उशीसारखा राहू द्यावा, फक्त डोंगरातल्या खिंडी आपल्या हाती असाव्यात. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरंड काबूलला गेले आणि १२ नोव्हेंबरला अमीर अब्दुर रहमान यांच्याशी करार झाला. सात कलमांचा कागद. रेषेपलीकडे अमीराने ढवळाढवळ करायची नाही, अलीकडे इंग्रजांनी करायची नाही. अमीराचा वार्षिक तनखा १२ लाख रुपयांवरून १८ लाख झाला.

इथूनच वाद सुरू होतो. पाकिस्तान म्हणतो, ही रीतसर सीमा आहे. नंतरच्या अमीरांनी १९१९ आणि १९२१ च्या तहांत ती पुन्हा मान्य केली आणि इंग्रज गेल्यावर ती वारशाने आमच्याकडे आली. काबूल म्हणतं, ती फक्त कोणाचा वचक कुठवर हे सांगणारी रेघ होती, ती दबावाखाली घेतली गेली आणि ज्यांच्याशी करार झाला ते इंग्रज गेले तेव्हा करारही संपला.

कागदावरचा वाद असा. जमिनीवर ती रेघ टोळ्यांच्या मुलखातून, गावांमधून, नात्यागोत्यांमधून गेली. मुलगी एकीकडे दिली, शेत दुसरीकडे राहिलं.

दोन कुंपणांमधला मुलूख

इंग्रजांनी आणखी एक गोष्ट केली, तिचा परिणाम ड्युरंड रेषेइतकाच खोल झाला. ब्रिटिश कायदा रेषेपर्यंत गेलाच नाही. तो डोंगराच्या पायथ्याशी थांबला. पायथा आणि रेषा यांच्या मधला मुलूख ‘टोळ्यांचा प्रदेश’ म्हणून वेगळा ठेवला गेला. तिथे न्यायालय नाही, पोलीस नाहीत. एक पोलिटिकल एजंट आणि त्याच्याकडून पैसे घेणारे मलिक, म्हणजे टोळीप्रमुख. १९०१ च्या सरहद्द गुन्हे कायद्याने असं ठरवलं, की एकाने गुन्हा केला तर अख्ख्या टोळीला शिक्षा करता येईल.

इंग्रज १९४७ मध्ये गेले, हा कायदा राहिला. पाकिस्तानने तो २०१८ पर्यंत चालवला. तिथल्या प्रत्येक प्रौढ माणसाला मत देता आलं ते १९९७ च्या निवडणुकीत, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पन्नास वर्षांनी. वझिरिस्तान, खैबर, बाजौर ही नावं आपण ‘अतिरेक्यांचे अड्डे’ म्हणून ऐकतो. सव्वाशे वर्षं जिथे राज्याने कायदा नेला नाही, तिथे बंदूक घेऊन येणाऱ्याला जागा मोकळीच मिळाली, ही बाजू आपण क्वचित ऐकतो.

बादशहा खान आणि न विचारलेला प्रश्न

सरहद्द प्रांतात त्याच काळात एक अगदी वेगळी वाटही होती. खान अब्दुल गफार खान, ज्यांना लोक बादशहा खान म्हणत, त्यांनी हजारो पठाणांना लाल सदरे घातले आणि अहिंसेची शपथ दिली. महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आहे. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर सरकारने त्यांना त्यांच्याच प्रांतात यायला बंदी केली, तेव्हा ते वर्ध्याला गांधीजींजवळ येऊन राहिले. मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल त्यांना पुन्हा अटक झाली तीही वर्ध्यातूनच.

१९४७ च्या जुलैत सरहद्द प्रांतात सार्वमत झालं. पर्याय दोनच, भारत किंवा पाकिस्तान. बादशहा खानांची मागणी होती की तिसरा पर्याय, स्वतंत्र पख्तुनिस्तानचा, मतपत्रिकेवर असावा. तो ठेवला गेला नाही आणि त्यांच्या माणसांनी बहिष्कार घातला. प्रांत पाकिस्तानात गेला.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रसंघात घेण्याचा ठराव आला, तेव्हा जगातल्या एकाच देशाने विरोधात मत दिलं. तो देश अफगाणिस्तान होता. काही आठवड्यांनी काबूलने ते मत मागे घेतलं, पण सलामी झाली होती. १९४९ मध्ये पाकिस्तानी विमानांनी अफगाण हद्दीतल्या एका गावावर बॉम्ब टाकले आणि काबूलच्या लोया जिर्ग्याने ड्युरंड करारासकट इंग्रजांशी झालेले सगळे सरहद्दीचे करार रद्द जाहीर केले. बॉम्ब, निषेध, रेषा नाकारणं: २०२५ चा क्रम तेव्हाच बसवला गेला होता.

द्राक्षं विमानाने गेली तेव्हा

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सुरुवातीची पंचवीस वर्षं ‘सीमापार घुसखोरी’ची तक्रार करणारा पाकिस्तानच होता आणि घुसवणारं होतं काबूल. वझिरिस्तानात इपीचा फकीर, ज्याने १९३६ पासून इंग्रजांना सळो की पळो करून सोडलं होतं, तो १९४७ नंतर पाकिस्तानविरुद्ध लढत राहिला आणि त्याला काबूलकडून मदत मिळत राहिली. १९६० आणि १९६१ मध्ये अफगाण पंतप्रधान दाऊद खान यांनी पख्तुनिस्तानच्या नावाने बाजौर भागात माणसं घुसवली.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानने अफगाण वकिलाती बंद करायला लावल्या, सप्टेंबरात राजनैतिक संबंध तुटले आणि सरहद्द बंद झाली. तेव्हा अफगाणिस्तानात द्राक्षांचा, डाळिंबांचा हंगाम होता. चारही बाजूंनी जमीन असलेला देश, बंदराकडे जायची वाट पाकिस्तानातून. फळं सडायला लागली. सोव्हिएत संघाने मोठा वाटा विमानाने उचलला. उरलेली फळं अरियाना या अफगाण विमान कंपनीने उडवून भारतात आणली. काबूलची द्राक्षं विमानात बसून आली, ही गंमत नव्हती. देशाची तिजोरी रिकामी होत होती आणि रशियाचा हात खांद्यावर जास्त जड होत होता.

१९६३ च्या मार्चमध्ये दाऊद खान यांना पायउतार व्हावं लागलं. मे महिन्यात इराणच्या शहाच्या मध्यस्थीने तेहरानमध्ये समझोता झाला. वकिलाती उघडल्या, ट्रक धावू लागले.

तेहरानमध्येही ड्युरंड रेषेवर तोडगा निघाला नाही. काबूलने ती मान्य केली नाही, पाकिस्तानने सोडली नाही. दोघांनी तो प्रश्न बाजूला ठेवला आणि व्यवहार सुरू केला. ती शांतता दहा वर्षं टिकली. तेव्हा एक शब्द गाळला म्हणून शस्त्रसंधी मोडतेच असं नाही. उलट कधी कधी तो गाळल्यामुळेच ती होऊ शकते. दोहाच्या निवेदनाकडे बघून हसण्याआधी हे आठवायला हवं.

पारडं फिरतं

१९७३ मध्ये दाऊद खान परत आले, या वेळी राजाला हटवून राष्ट्राध्यक्ष म्हणून. पाकिस्तानातल्या बलुच आणि पश्तून बंडखोरांना त्यांनी आसरा दिला. पण आता पाकिस्तानात झुल्फिकार अली भुट्टो होते आणि त्यांनी त्याच नाण्यात परतफेड करायची ठरवली. काबूल विद्यापीठातून पळून आलेल्या इस्लामवादी तरुणांना पेशावरला हाताशी धरण्यात आलं. गुलबुद्दीन हिकमतयार त्यांत होता, अहमदशाह मसूदही होता. सरहद्दीवरच्या निमलष्करी दलाचे प्रमुख नसीरुल्ला बाबर यांनी त्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था पाहिली. १९७५ मध्ये या तरुणांनी पंजशीरमध्ये उठाव केला. तो फसला, पण इशारा पोचला.

याचा अर्थ पाकिस्तानने अफगाण बंडखोरांना पोसायला सुरुवात केली ती सोव्हिएत सैन्य यायच्या चार वर्षं आधी. ‘अमेरिकेने सगळं केलं’ हे अर्धसत्य आहे. अमेरिकेचा पैसा नंतर आला. दुकान आधीच मांडलेलं होतं.

गंमत म्हणजे, या चिमट्यानंतर दोघेही नरमले. १९७६ मध्ये भुट्टो काबूलला गेले, दाऊद इस्लामाबादला आले. समझोता जवळ आला होता, असं त्या काळचे मुत्सद्दी सांगतात. पण १९७७ च्या जुलैत भुट्टोंना त्यांच्याच सेनापतीने, झिया उल हक यांनी, खाली खेचलं. १९७८ च्या एप्रिलमध्ये कम्युनिस्टांच्या बंडात दाऊद कुटुंबासह मारले गेले. बोलणारी दोन्ही माणसं संपली. पुढच्या वर्षाअखेरीस सोव्हिएत रणगाडे काबूलमध्ये होते आणि काही वर्षांतच तीस लाखांहून अधिक अफगाण निर्वासित पाकिस्तानात.

१९८८: एक अंत्ययात्रा, एक करार

२० जानेवारी १९८८ रोजी बादशहा खान पेशावरमध्ये वारले. आपल्याला जलालाबादेत, रेषेच्या पलीकडे पुरावं, ही त्यांची इच्छा होती. अफगाणिस्तानात तेव्हा घनघोर युद्ध चाललं होतं. अंत्यविधीसाठी शस्त्रसंधी जाहीर झाली. हजारो माणसं गाड्यांच्या ताफ्यांतून खैबर खिंड ओलांडून गेली. ज्या माणसाने आयुष्यभर ती रेषा मानली नाही, त्याच्यासाठी ती एका दिवसापुरती पुसली गेली. पण जलालाबादेत त्या गर्दीजवळच स्फोट झाले आणि माणसं मेली. शस्त्रसंधी दोन्ही बाजूंनी पाळायची म्हटली, तरी तिसरा हात कुणाचा असेल हे सांगता येत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

तीन महिन्यांनी, १४ एप्रिलला, जिनिव्हात करार झाले. सोव्हिएत सैन्याची माघार आपल्याला आठवते. त्यातला दुसरा कागद सहसा विसरला जातो: पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यातला परस्परांच्या कारभारात हस्तक्षेप न करण्याचा करार. आपल्या भूमीवर दुसऱ्याच्या बंडखोरांना छावण्या, प्रशिक्षण, शस्त्रं, पैसा देणार नाही, असं त्यात कलमवार लिहिलेलं आहे. २०२५ मध्ये पाकिस्तान काबूलकडे जे लेखी मागत होता, ते जवळजवळ शब्दशः पाकिस्तानने स्वतः १९८८ मध्ये सही करून दिलं होतं. अमेरिका आणि सोव्हिएत संघ हमीदार होते. देखरेखीला संयुक्त राष्ट्रसंघाचे सुमारे पन्नास निरीक्षक. मुजाहिदीनकडे शस्त्रं जात राहिली, छावण्या चालू राहिल्या आणि तक्रारींच्या फायली जाड होत गेल्या.

मुजाहिदीनांनी त्या करारावर सही केली नव्हती. त्यांना बोलावलंच नव्हतं.

चहाचा कप

पुढचं तुम्हाला बरंचसं माहीत आहे. १९९४ मध्ये तालिबान उदयाला आलं, तेव्हा त्याचे पाठीराखे म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते नसीरुल्ला बाबर बेनझीर भुट्टोंच्या सरकारात गृहमंत्री होते. माणूस तोच, वीस वर्षांनी. पण पाकिस्तानच्या जिवावर उभ्या राहिलेल्या मुल्ला उमरच्या राजवटीनेही ड्युरंड रेषा मान्य केली नाही.

२००१ नंतर अमेरिकेच्या बॉम्बफेकीतून पळालेले तालिबानी वझिरिस्तानात आले. त्यांच्या सहवासात तिथल्या पश्तून तरुणांची नवी फळी तयार झाली. पाकिस्तानी लष्कराने कारवाया सुरू केल्या तशी ती लष्करावर उलटली आणि २००७ च्या डिसेंबरात ‘तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान’, म्हणजे टीटीपी, ही संघटना स्थापन झाली. १६ डिसेंबर २०१४ ला तिच्या माणसांनी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये १३२ मुलांना गोळ्या घातल्या. ‘पेरलं तेच उगवलं’ म्हणताना त्या मुलांनी काय पेरलं होतं, एवढं स्वतःला विचारून पाहावं.

लष्कराच्या मोहिमेने टीटीपीला रेषेपलीकडे ढकललं. २०१७ मध्ये पाकिस्तानने कुंपण घालायला घेतलं, दुहेरी, माणसाच्या दुप्पट उंचीचं. आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं. पाकिस्तानच्या गुप्तचर खात्याचे प्रमुख फैज हमीद काही दिवसांत काबूलच्या एका हॉटेलात हातात चहाचा कप घेऊन उभे दिसले. काळजी नको, सगळं ठीक होईल, असं ते पत्रकाराला म्हणाले. त्याच डिसेंबरात नांगरहारमध्ये तालिबानी सैनिक पाकिस्तानचं कुंपण उखडून टाकत होते.

नव्या सरकारने टीटीपीला आवर घालावा, ही पाकिस्तानची अपेक्षा. तालिबानने मध्यस्थी करून दिली. २०२१ च्या नोव्हेंबरात पाकिस्तान आणि टीटीपी यांच्यात महिनाभराची शस्त्रसंधी झाली, २०२२ च्या जूनमध्ये बेमुदत झाली आणि २८ नोव्हेंबरला टीटीपीने ती संपल्याचं जाहीर केलं. दोन महिन्यांत पेशावरच्या पोलीस वसाहतीतली मशीद उडवली गेली. ऐंशीहून जास्त माणसं गेली, बहुतेक पोलीस. तेव्हापासून काबूलचं म्हणणं एकच आहे: टीटीपी हा पाकिस्तानचा अंतर्गत प्रश्न आहे. हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? काबूलची आधीची सरकारं तालिबानच्या तक्रारी घेऊन इस्लामाबादला जायची, तेव्हा त्यांनाही असंच उत्तर मिळायचं.

मग १९६३ सारखं का होईना?

१९६३ मध्ये रेषेचा वाद न सोडवताही शांतता आली होती. २०२५ मध्ये तसं का झालं नाही?

१९६३ मध्ये घुसणारी माणसं सरकारची होती. दाऊद खान गेले, पैसा थांबला, घुसखोरी थांबली. नळ एकाच हाताने उघडला होता, त्याच हाताने बंद करता आला. टीटीपीचं तसं नाही. तिचे लोक वीस वर्षं तालिबानबरोबर अमेरिकेविरुद्ध लढले आहेत. टीटीपीचा प्रमुख नूर वली मेहसूद तालिबानच्या अमीराशी निष्ठा सांगतो. उद्या काबूलने त्यांना हुसकावलं, तर ते आणि तालिबानमधलेच नाराज लोक इस्लामिक स्टेटकडे जातील, ही भीती तालिबानला आहे. शिवाय ज्या पाहुण्याने खांद्याला खांदा लावला त्याला शत्रूच्या हाती देणं, हे पश्तूनवलीत, पठाणांच्या रीतीत, बसत नाही. २००१ मध्ये याच हट्टापायी मुल्ला उमरने ओसामा बिन लादेनला दिलं नाही आणि राज्य घालवलं. त्याचा मुलगा आता संरक्षणमंत्री आहे.

पाकिस्तानचीही अडचण खरी आहे. रोज सैनिकांच्या शवपेट्या येत असताना कुठलं सरकार गप्प बसेल? पण विमानांनी बॉम्ब टाकून टीटीपी संपत नाही, हे त्यांना आपल्याच वझिरिस्तानच्या अनुभवावरून कळायला हवं. बॉम्ब पडला की काबूलमधल्या तालिबानच्या विरोधकांनाही तालिबानची बाजू घ्यावी लागते.

दोहानंतर इस्तंबूलला बैठका झाल्या. पाकिस्तानला लेखी हमी हवी होती, काबूलला ती देता येईना. ७ नोव्हेंबरला बोलणी निष्फळ संपली. शस्त्रसंधी मात्र चालू राहील, असं काबूलने सांगितलं. २५ नोव्हेंबरला खोस्तमध्ये एका घरावर हवाई हल्ला होऊन नऊ मुलं आणि एक बाई मेली, असं तालिबानने जाहीर केलं. पाकिस्तानने हात झटकले.

तोरखमचं फाटक

खैबर खिंडीच्या टोकाला तोरखमचं फाटक आहे. १२ ऑक्टोबरपासून ते व्यापाराला बंद झालं. फळांचे, भाज्यांचे ट्रक दोन्हीकडे अडकले आणि पाकिस्तानात टोमॅटो सहाशे रुपये किलोवर गेला. १९६१ ची द्राक्षं आठवा. फरक एवढाच, की या वेळी झळ फाटकाच्या दोन्ही बाजूंना बसली.

अफगाण क्रिकेट जन्मलं ते पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये. तिथल्या धुळीत पोरांनी पाकिस्तानी पोरांचं बघून बॅट हातात घेतली. आपण आयपीएलमध्ये ज्या रशीद खानच्या गुगलीला टाळ्या वाजवतो, त्याचंही लहानपण काही काळ त्याच परिसरात गेलं. चाळीस वर्षांत या दोन देशांमध्ये वैराबरोबर असंही बरंच काही उगवलं होतं. उर्गुनच्या बॉम्बने त्यातलं किती जळलं, हे मोजायची पट्टी नाही.

१ नोव्हेंबरला तोरखमचं फाटक उघडलं. व्यापारासाठी नाही. पाकिस्तानातून घालवून दिलेल्या अफगाण कुटुंबांना पलीकडे पाठवण्यासाठी. गाद्या, पत्र्याच्या पेट्या, सिलिंडर लादलेल्या ट्रकांवर बसलेल्यांत कितीतरी जण असे होते, की जे पाकिस्तानातच जन्मले, वाढले आणि ज्यांनी आपला म्हणून सांगितला जाणारा देश कधी पाहिलाच नव्हता. दोहाच्या निवेदनातून ‘सीमा’ हा शब्द काढून दोन आठवडेही झाले नव्हते. फाटकाशी रांगेत उभ्या असलेल्या त्या माणसांना मात्र ती हाताने शिवता येत होती.